नवा वर्कस्टेशन लॅपटॉप : कामाला लावण्यापूर्वीचे दोन दिवस

नवा लॅपटॉप हाती आला की पहिला मोह होतो तो लगेच कामाला बसण्याचा. खोके उघडायचे, चार्जर जोडायचा, पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला 'नेक्स्ट' म्हणत पुढे जायचे आणि तासाभरात जुन्या यंत्रावरील सगळी फोल्डर्स नव्यावर ओतून मोकळे व्हायचे, अशीच बहुतेकांची रीत असते. पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढ्यापुरताच लॅपटॉप वापरायचा असेल तर ही घाई फारशी महागात पडत नाही. परंतु वास्तुविशारद, संरचना अभियंते, यंत्रभागांचे आरेखन करणारे किंवा चित्रफितींचे संकलन करणारे व्यावसायिक ज्या 'मोबाइल वर्कस्टेशन' वर्गातील लॅपटॉपवर विसंबून असतात, त्याची गोष्ट वेगळी आहे. यंत्राची किंमत लाखांच्या घरात असते आणि त्यावर साठणाऱ्या कामाची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते.

विंडोज १० या प्रणालीला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक कार्यालयांतील चांगली चालणारी जुनी यंत्रेही अपात्र ठरली आणि नवी खरेदी करणे भाग पडले. अशी खरेदी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या यंत्राचे पहिले दोन दिवस हे तपासणीचे आणि मांडणीचे दिवस होत. या काळात यंत्रावर आपले काहीही नसते. त्यामुळे सगळे पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तरी आपले काही जात नाही. एकदा कामाच्या फायली त्यावर आल्या की तीच चूक निस्तरणे अवघड होऊन बसते.

वर्कस्टेशन म्हणजे नेमके काय?

'वर्कस्टेशन' हा शब्द तसा जुना. १९८०च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्स, सिलिकॉन ग्राफिक्स अशा कंपन्यांची टेबलावर ठेवायची शक्तिशाली यंत्रे या नावाने ओळखली जात. १९८२ साली स्थापन झालेल्या सनच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्यातला. आज हाच वर्ग लॅपटॉपच्या आकारात उपलब्ध आहे. लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका, एचपीची झेडबुक आणि डेलची प्रिसिजन या त्यातील ठळक मालिका. त्यांपैकी डेलने २०२५ मध्ये आपल्या मालिकेचे नाव बदलून 'डेल प्रो मॅक्स' असे केले.

साध्या किंवा गेमिंग लॅपटॉपपेक्षा या यंत्रांचे वेगळेपण मुख्यतः तीन बाबतींत असते. पहिली बाब ग्राफिक्स कार्डाची. एनव्हिडियाची जी व्यावसायिक कार्डे पूर्वी 'क्वाड्रो' नावाने विकली जात, तीच परंपरा आता 'आरटीएक्स प्रो' या नावाने चालू आहे. दुसरी बाब प्रमाणपत्राची. ऑटोडेस्क किंवा सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरचे निर्माते ठरावीक यंत्र, ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर यांची जोडी तपासून तिला मान्यता देतात. तिसरी बाब विस्ताराची आणि विश्वासार्हतेची. अधिक रॅम, एकाहून अधिक एसएसडी आणि काही मोजक्या मॉडेलांत ईसीसी प्रकारची, म्हणजे स्वतःतील एखाद्या बिटची चूक स्वतःच दुरुस्त करणारी रॅम या यंत्रांत मिळते. २०१५ मध्ये लेनोव्होच्या पी५० आणि पी७० या मॉडेलांबरोबर इंटेलचा झिऑन प्रोसेसर लॅपटॉपमध्ये आला आणि त्यासोबत ही सोयही आली. अर्थात प्रत्येक वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये ती असतेच असे नाही. बिलावर ईसीसी असे लिहिलेले असेल तरच ती गृहीत धरावी.

या तीनही गोष्टींचे पैसे आपण मोजलेले असतात. त्या प्रत्यक्षात पदरात पडतात की नाही, हे मात्र पहिल्या दोन दिवसांतील मांडणीवर अवलंबून असते.

खोके उघडताना

प्रथम बिल आणि यंत्र यांचा मेळ घालावा. लॅपटॉपच्या तळाशी असलेला सिरियल क्रमांक बिलावरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहून तो निर्मात्याच्या संकेतस्थळावर घालावा. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि ती घरी येऊन दुरुस्ती करण्याची आहे की यंत्र केंद्रावर नेऊन देण्याची, हे तेथे कळते. व्यवसायासाठी खरेदी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक अचूक आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो आणि क्रमांक चुकला तर त्याचे क्रेडिट मिळवताना हेलपाटे पडतात.

यंत्र सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स' हे पान उघडावे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड यांची नावे व क्षमता तेथे एका जागी दिसतात. रॅमच्या माहितीत किती खाचा वापरात आहेत, हेही दिलेले असते. ३२ जीबी रॅम १६-१६च्या दोन पट्ट्यांत विभागलेली असेल तर प्रोसेसरला एकाच वेळी दोन मार्गांनी माहिती मिळते. तीच एका पट्टीत असेल तर एक मार्ग मोकळाच राहतो आणि मोठी मॉडेल्स हाताळताना हा फरक जाणवतो.

बॅटरीची तपासणीही याच वेळी उरकावी. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'बॅटरीरिपोर्ट' या पर्यायासह दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता असे दोन आकडे असतात. कोऱ्या यंत्रात ते जवळपास सारखे असायला हवेत. त्यांत मोठी तफावत दिसली तर लॅपटॉप दुकानात दीर्घकाळ पडून होता किंवा आधी वापरला गेला होता, अशी शंका घ्यायला जागा आहे. यंत्र बदलून देण्याची मुदत विक्रेत्यागणिक वेगळी आणि सहसा थोड्याच दिवसांची असते. त्यामुळे पडद्यावरील मृत ठिपके, कीबोर्डच्या सर्व कळा, सर्व पोर्ट, कॅमेरा आणि वायफाय यांची पाहणी पहिल्याच दिवशी करावी.

खाते कोणाचे?

यंत्र प्रथम सुरू होते तेव्हा विंडोज मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. आपल्याकडे पुष्कळदा दुकानातील मुलगा 'सेटअप करून देतो, साहेब' असे म्हणून हा टप्पा स्वतःच पार पाडतो. त्यासाठी तो स्वतःचे किंवा तेवढ्यापुरते काढलेले एखादे ई-मेल खाते वापरतो. ग्राहकाला ती सेवा वाटते. येथे नकळत केवढा धोका पत्करला जातो, हे समजून घेण्यासाठी एन्क्रिप्शनची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात साठवणे. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी त्याला काही वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्या यंत्रांवर हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होण्याची व्याप्ती बरीच वाढली. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रथम प्रवेश केला की डिस्क कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ अंकी पर्यायी किल्ली, म्हणजे 'रिकव्हरी की', त्याच खात्यात जमा होते. यंत्राच्या मालकाला याचा पत्ताही नसतो.

एरवी ही किल्ली लागत नाही. टीपीएम चिप यंत्र ओळखते आणि कुलूप आपोआप उघडते. मात्र मदरबोर्ड बदलला, बायोसमधील काही महत्त्वाची सेटिंग्ज बदलली किंवा टीपीएम पुसली गेली की चिपला यंत्र अनोळखी वाटते. मग निळा पडदा येतो आणि ४८ अंक मागतो. ते अंक दुकानातील त्या मुलाच्या विसरलेल्या खात्यात असतील तर आपली स्वतःची माहिती आपल्यालाच कायमची बंद होते. मायक्रोसॉफ्टचे साहाय्य केंद्रही ती किल्ली नव्याने तयार करून देऊ शकत नाही. कुलपाचा अर्थच तो आहे.

हा प्रसंग दुर्मीळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील विंडोज संगणक बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय तसा सोपा होता. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल काढून टाकायची होती. परंतु ज्या यंत्रांच्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या होत्या, तेथे सेफ मोडच्या दारातच ४८ अंकांची मागणी झाली. ज्यांच्याकडे किल्ल्यांची नोंद हाताशी होती त्यांचे काम लवकर सुरू झाले, तर इतरांना ती शोधत बसावे लागले.

म्हणून पहिला सेटअप स्वतः करावा आणि स्वतःचे, दीर्घकाळ टिकणारे खाते वापरावे. कार्यालयाचे खाते वापरल्यास किल्ली कार्यालयाच्या व्यवस्थेत जमा होते, हे ध्यानात ठेवावे. दुकानात आधीच सेटअप झाला असेल तर संकोच न करता 'रीसेट' करून पहिल्यापासून सुरुवात करावी. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन ही किल्ली शोधावी आणि तिच्या दोन छापील प्रती काढाव्यात. एक घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी आणि दुसरी कार्यालयात. लॅपटॉपच्या बॅगेत ती ठेवणे म्हणजे घराची किल्ली दारालाच अडकवून ठेवण्यासारखे होय. प्रत्येक किल्लीला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो, तोही प्रतीवर लिहावा. यंत्रात दोन एसएसडी असतील तर किल्ल्याही दोन असतात, हे विसरू नये.

याच टप्प्यावर वनड्राइव्हकडेही लक्ष द्यावे. सेटअपच्या ओघात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर्स आपोआप वनड्राइव्हशी जोडली जाऊ शकतात. तेथे मोफत जागा अवघी ५ जीबी मिळते. एखाद्या पुलाचे मॉडेल किंवा एक तासाचे चित्रीकरण एवढ्या जागेत मावत नाही. मग फायली अर्धवट वर गेल्याच्या सूचना येऊ लागतात आणि गोंधळ उडतो. मोठ्या प्रकल्पांसाठी डिस्कवर स्वतंत्र फोल्डर करून ते या व्यवस्थेबाहेर ठेवणे श्रेयस्कर.

बायोस आणि ड्रायव्हर : क्रम महत्त्वाचा

यानंतर अपडेट. येथे क्रम पाळावा. आधी विंडोजची अपडेट्स, मग बायोस आणि इतर फर्मवेअर, त्यानंतर चिपसेटचे ड्रायव्हर आणि सर्वांत शेवटी ग्राफिक्सचा ड्रायव्हर. लेनोव्हो, डेल आणि एचपी या तिन्ही कंपन्या यासाठी आपापले अपडेट सॉफ्टवेअर देतात. तेच वापरावे. इंटरनेटवर ठिकठिकाणी मिळणाऱ्या 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या परक्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये.

बायोस अपडेट करताना चार्जर जोडलेला असावा आणि बॅटरीही पुरेशी भरलेली असावी. मधेच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू न होण्याचा धोका असतो. शिवाय त्याआधी एन्क्रिप्शनचे संरक्षण 'सस्पेंड' म्हणजे तात्पुरते स्थगित करावे. निर्मात्यांची साधने बहुधा हे स्वतःच करतात, तरीही खात्री करून घ्यावी. आणि ४८ अंकांची छापील प्रत हाती आल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

बायोसमध्ये शिरलोच आहोत तर दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. एक म्हणजे तेथील प्रशासक पासवर्ड. तो ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगले, परंतु तो विसरला तर काही उत्पादकांच्या यंत्रांत मदरबोर्ड बदलण्यावाचून उपाय राहत नाही. ठेवायचाच असेल तर लिहून ठेवावा. दुसरी गोष्ट डिस्कच्या नियंत्रणाची. इंटेल प्रोसेसरच्या अनेक वर्कस्टेशन यंत्रांत एसएसडी 'व्हीएमडी' किंवा 'रेड' पद्धतीने जोडलेली येते. विंडोज कोरी बसवायला घेतली की इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही आणि यंत्र सदोष आहे, असा ग्रह होतो. प्रत्यक्षात निर्मात्याच्या संकेतस्थळावरील डिस्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो इन्स्टॉलरला दाखवला की काम होते. मात्र आधी बसवलेली विंडोज तशीच ठेवून ही पद्धत बायोसमधून अचानक बदलू नये. तसे केल्यास ती विंडोज सुरू होत नाही.

ग्राफिक्स ड्रायव्हरच्या बाबतीत 'सर्वांत नवा तो सर्वांत चांगला' हा समज सोडून द्यावा. आपण वापरत असलेल्या सॉफ्टवेअरच्या निर्मात्याने आपल्या कार्डासाठी कोणत्या क्रमांकाचा ड्रायव्हर प्रमाणित केला आहे, हे त्याच्या संकेतस्थळावर पाहावे आणि तोच बसवावा. एनव्हिडिया व्यावसायिक कार्डांसाठी दीर्घकाळ स्थिर ठेवलेली 'प्रॉडक्शन' शाखा स्वतंत्रपणे देते. ज्या प्रमाणपत्रासाठी आपण जादा पैसे मोजले, ते या ठरावीक जोडीपुरतेच असते. प्रकल्प ऐन भरात असताना ड्रायव्हर बदलण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये.

दोन ग्राफिक्स, एक गोंधळ

या लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स व्यवस्था असतात. एक प्रोसेसरमध्येच सामावलेली, कमी वीज खाणारी. दुसरी स्वतंत्र आणि शक्तिशाली. कोणते काम कोणाकडे द्यायचे, हे विंडोज आणि ड्रायव्हर मिळून ठरवतात आणि हा निर्णय दर वेळी बरोबर ठरतोच असे नाही. महागडे कार्ड असूनही मॉडेल अडखळत फिरते, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पुष्कळदा काम चुकीच्या ग्राफिक्सकडे गेलेले असते.

याची परीक्षा सोपी आहे. आपले मोठ्यात मोठे मॉडेल उघडून फिरवावे आणि टास्क मॅनेजरमध्ये कोणत्या ग्राफिक्सचा आलेख वर जातो, ते पाहावे. तो चुकीचा असेल तर सेटिंग्जमधील 'सिस्टिम', त्यातील 'डिस्प्ले' आणि त्यातील 'ग्राफिक्स' या पानावर जाऊन त्या सॉफ्टवेअरसाठी 'हाय परफॉर्मन्स' हा पर्याय नेमून द्यावा. काही मॉडेलांत बायोसमधूनच केवळ स्वतंत्र कार्ड वापरण्याची सोय असते. टेबलावर बसून काम करणाऱ्यांना ती उपयुक्त ठरते, मात्र प्रवासात बॅटरी लवकर संपते.

वीज, उष्णता आणि बॅटरी

वर्कस्टेशनचा चार्जर जड असतो. १७० किंवा २३० वॉट, काही मॉडेलांत त्याहूनही अधिक. तो बॅगेत नको म्हणून अनेक जण ६५ वॉटचा छोटा यूएसबी-सी चार्जर सोबत नेतात. त्यावर बॅटरी भरते खरी, पण भरपूर काम चालू असताना यंत्राला पुरेशी वीज मिळत नाही आणि ते आपला वेग आपणहून कमी करते. नुसत्या बॅटरीवरही हेच घडते. म्हणून वेगाची कोणतीही चाचणी मूळ चार्जर लावूनच करावी.

चार्जरची तीन पिनांची वायर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावी. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला तरी परिणाम तोच. धातूच्या पृष्ठभागाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे जाणवले तर तो दोष बहुधा लॅपटॉपचा नसून सॉकेटचा असतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

उष्णतेचा विचार आपल्याकडे अधिकच करायला हवा. बहुतेक उत्पादक भोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सियसपर्यंत असेल असे धरून यंत्र बनवतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या साइट ऑफिसमध्ये तर विचारायलाच नको. प्रोसेसरचे तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचले की तो स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो. यंत्राची मागची बाजू थोडी उंच ठेवणे, गादीवर किंवा मांडीवर न ठेवणे, हवा जाण्या-येण्याच्या जाळ्या धूळमुक्त ठेवणे हे साधे उपाय येथे कामी येतात.

बॅटरीला जास्त उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. यंत्र दिवसभर चार्जरवरच राहणार असेल तर निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी. लॅपटॉपची बॅटरी सहसा १०० वॉट-तासांच्या आत ठेवलेली असते, कारण त्याहून मोठी बॅटरी विमानात नेण्यासाठी विमान कंपनीची परवानगी लागते.

आणखी एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदलावी. आजचे लॅपटॉप झाकण बंद केल्यावर पूर्ण झोपी जात नाहीत, ते अर्धवट जागे राहतात. तशाच अवस्थेत ते बॅगेत ठेवले तर आतल्या आत तापतात आणि बॅटरी रिकामी होते. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर 'हायबरनेट' व्हावे, अशी योजना करावी. त्यासाठी डिस्कवर रॅमच्या सुमारे ४० टक्के जागा राखून ठेवली जाते. ६४ जीबी रॅम असेल तर ती साधारण २५ जीबी भरते. प्रवासातील निश्चिंतीसाठी हा मोबदला जास्त नाही.

मराठी आणि आपले आकडे

निविदा, अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहार मराठीत करावा लागतो, म्हणून भाषेची व्यवस्थाही याच वेळी लावावी. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांसाठी २०१९ पासून विंडोजमध्येच 'मराठी फोनेटिक' कीबोर्डची सोय आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज उरलेली नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर मात्र ते फॉन्ट नव्या यंत्रावर नसल्यास अगम्य चिन्हांत दिसतो. असे जुने आराखडे वापरात असतील तर त्यांचे फॉन्ट जुन्या यंत्रावरून आठवणीने आणावेत.

'रीजन' या पानावर इंग्लिश-इंडिया किंवा मराठी निवडले की तारीख दिवस-महिना-वर्ष अशी आणि रक्कम लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दिसते. अमेरिकी पद्धत तशीच राहिली तर ५ मार्चचे ३ मे होते. अंदाजपत्रकात ही चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

रात्रभराची परीक्षा

पहिल्या दिवशीच्या रात्री विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवून रॅमची तपासणी करावी. दुसऱ्या दिवशी आपल्याच नेहमीच्या कामातील जड नमुना घेऊन यंत्राला दोन-तीन तास सलग राबवावे. लांब रेंडर, मोठे विश्लेषण, चित्रफितीचे निर्यात-काम असे काहीही चालेल. या वेळात यंत्र बंद पडले, पडद्यावर ठिपके उमटले किंवा पंख्याचा आवाज घरघरीत झाला तर विक्रेत्याकडे जाण्याची हीच योग्य वेळ. प्रकल्पाच्या अंतिम तारखेच्या आदल्या रात्री हा दोष कळण्यापेक्षा आज कळलेला बरा.

परतीची वाट

सारे मनाजोगते झाले की निर्मात्याच्या किंवा विंडोजच्या साधनाने ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी माध्यम तयार करावे आणि त्यावर चिठ्ठी चिकटवून ते जपून ठेवावे. त्यानंतर बॅकअपची व्यवस्था. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक घर किंवा कार्यालयाबाहेर. क्लाउडशी जुळवून ठेवलेले फोल्डर हा संपूर्ण बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल चुकून पुसली तर ती तेथूनही नाहीशी होते. एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळवणे जुन्या हार्ड डिस्कच्या तुलनेत फार कठीण असते आणि एन्क्रिप्शन असेल तर अधिकच. बॅकअप घेतल्यावर त्यातील एखादी फाइल प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहावी. ती उघडली तरच बॅकअप झाला असे म्हणावे.

जुने यंत्र लगेच मोडीत काढू नये. काही महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना आधी जुन्या यंत्रावरून सोडवून घ्यावा लागतो, तेव्हाच तो नव्यावर चालतो. महिनाभर दोन्ही यंत्रे जवळ असू द्यावीत. राहून गेलेली गोष्ट त्या महिन्यात आठवतेच.

शेवटी एक साधी वही करावी. सिरियल क्रमांक, वॉरंटीची अखेरची तारीख, बायोसची आवृत्ती, चालणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा क्रमांक, परवान्यांचे तपशील आणि ४८ अंकांच्या प्रती कोठे ठेवल्या आहेत, एवढ्या नोंदी त्यात असाव्यात. पुढे केव्हा तरी सर्व्हिस सेंटरचा माणूस मदरबोर्ड बदलून निघून जाईल, निळा पडदा समोर येईल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निविदा भरायची असेल. त्या क्षणी ही वही आणि तो एक छापील कागद यांवरच सारे अवलंबून राहील. दोन दिवस उशिरा कामाला लागल्याने फारसे बिघडत नाही. ते ४८ अंक हाती नसतील तर मात्र वर्षानुवर्षांचे काम आपल्याच यंत्रात कुलूपबंद होऊन बसते.